भिंतीला लागलेला अर्धा नंबर

माणसाचे ग्रह फिरले की आधी त्याला एखादी चांगली कल्पना सुचते. वाईट कल्पना सुचली तर माणूस घाबरतो, गप्प बसतो आणि वाचतो. चांगल्या कल्पनेवर मात्र उतारा नाही. भिंगसरांना ती भर वर्गात, फळ्यावर बाण काढता काढता सुचली, आणि तिथून त्यांच्या अब्रूचे जे धिंडवडे निघाले ते थेट इमारतीच्या अंगणापर्यंत.

भिंगसर हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. बहिर्वक्र भिंगाचा धडा ते इतकी वर्षं इतक्या जिव्हाळ्याने शिकवत आले होते, की मुलांनी नाव ठेवलं आणि गावाने उचललं. फळ्यावर मधोमध भिंग, डावीकडे एक उभा बाण, बाणाच्या टोकापासून निघालेले किरण, भिंगातून जाताना वाकलेले, आणि उजवीकडे इवलासा उलटा बाण. "प्रतिमा कशी?" सर गरजायचे. "वास्तव, उलटी आणि लहान!" सगळा वर्ग कोकलायचा. यात अडचण एवढीच होती, की शाळेतलं एकुलतं एक भिंग कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापकांचं ठाम मत असं, की वापरलं की फुटतं. त्यामुळे ती वास्तव प्रतिमा खुद्द सरांनी जन्मात पाहिली नव्हती. पण न पाहिलेल्या गोष्टीबद्दल ठामपणे बोलता येणं यालाच शिक्षकी पेशा म्हणतात, तेव्हा तो मुद्दा सोडून देऊ.

मुद्दा अप्पांचा होता. अप्पा म्हणजे सरांचे वडील. लेखापरीक्षण खात्यात उभा जन्म गेलेला, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढून पगार घेतलेला माणूस. निवृत्तीनंतर पगार थांबला, चुका काढणं थांबलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत खुर्ची टाकून ते खालचं अंगण आणि फाटकापलीकडचा रस्ता तपासत बसत. कोणाची स्कूटर तिरकी लागली आहे, पाण्याच्या टाकीचं झाकण कोणी उघडं टाकलं आहे, सेक्रेटरी शर्टाचं कोणतं बटण लावायला विसरला आहे. सर शाळेला निघाले की वरून आवाज यायचा, "घड्याळ घट्ट बांध! मनगटाला बांधलंय की कोपराला?" सर डाव्या मनगटावरचा पट्टा आवळायचे आणि मनात म्हणायचे, कधी सुटणार यातून.

सुटले. अप्पा न्हाणीघरात घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले.

डॉक्टरांनी पायाला दोरी बांधली, दोरी पायथ्याच्या कप्पीवरून घेतली, तिला वजन लटकवलं आणि सांगितलं, "पाठीवर झोपायचं. यांना हलवायचं नाही आणि खाट तर मुळीच हलवायची नाही." खाट लावताना सरांनीच शहाणपणा केला होता. डोळ्यांवर उजेड नको म्हणून उशी खिडकीकडे आणि पाय आतल्या भिंतीकडे. वजन लावून झाल्यावर लक्षात आलं, की अप्पांची लाडकी खिडकी त्यांच्या डोक्यामागे गेली, आणि डोळ्यांसमोर उरली कोरी भिंत. आता कोऱ्या भिंतीत चूक काय काढणार?

आणि अप्पा गप्प झाले. सुरुवातीला घराला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. पण एके सकाळी गडबडीत सरांची बायको चहात साखर घालायचीच विसरली, आणि अप्पांनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत निमूट प्यायला. कप ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी उभी राहून रडायला लागली.

"अहो, ते काहीच बोलले नाहीत हो," ती म्हणाली. "मला एकदा तरी ओरडायला हवं होतं त्यांनी."

डॉक्टरही म्हणाले, "हाड जुळेल, पण माणसाने आतून हात टेकलेत. जेवण निम्म्यावर आलंय. नुसतं पडून राहायचं ठरवलं असेल, तर जुळलेलं हाड घेऊन करायचं काय?"

बायकोने साधा उपाय सुचवला. पायाकडच्या भिंतीवर आरसा टांगू, त्यात मागची खिडकी दिसेल. टांगला. आरशात दिसला तो आभाळाचा तुकडा आणि त्याच्याखाली, भरपूर, अप्पा. पांढरी दाढी वाढलेले, गाल बसलेले. अप्पांनी पाहिलं आणि मान वळवली. "काढ ते," एवढंच म्हणाले. "त्यात मीच दिसतो."

दुसऱ्या दिवशी सर वर्गात नेहमीचा बाण काढत होते, आणि उजवीकडचा उलटा बाण काढता काढता थांबले. डावीकडे रस्ता, मध्ये भिंग, उजवीकडे भिंत! खिडकी पुठ्ठ्याने बंद करायची, पुठ्ठ्याला गोल भोक, भोकात भिंग. बाहेरचा अख्खा रस्ता अप्पांच्या पायाशी येऊन पडेल! इतकी वर्षं शिकवलेली विद्या बापाच्या कामी येणार म्हणून सरांचा गळा दाटून आला. वर्गाला वाटलं सरांना खडूचा ठसका लागला.

सरांनी स्टेशनरीच्या दुकानातून बारीक अक्षरं वाचायचं भिंग आणलं, वीजवस्तूंच्या दुकानातून फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा मागून आणला, खिडकीची तावदानं उघडून पुठ्ठा चौकटीत ठोकला. खोलीत मिट्ट काळोख झाला. भिंतीवर काही म्हणजे काही नाही. सर चाचपडत कागद पुढेमागे करत राहिले, बायकोच्या पायावर पाय दिला, आणि शेवटी खिडकीपासून वीतभर अंतरावर कागदावर रस्ता सापडला. एका तिकिटाएवढा.

"हे अप्पांना काय चिकटवून दाखवायचं?" बायकोने विचारलं.

सरांच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला, आणि खोलीत पडलेला तो एकमेव प्रकाश. फुगीर भिंग किरणांना जास्त वाकवतं, त्यामुळे प्रतिमा जवळ आणि चिमुकली पडते. लांब आणि मोठी हवी तर भिंग जवळजवळ सपाट हवं. म्हणजे चष्म्याची काच, अधिक अर्धा नंबर. हे सरांना पाठ होतं. फक्त आठवलं नव्हतं, कारण परीक्षेत तसा प्रश्न येत नाही.

चष्मेवाल्याने विचारलं, "नंबर कोणाचा?"

"भिंतीचा," सर म्हणाले.

चष्मेवाल्याने त्यांच्याकडे आपल्या चष्म्यावरून पाहिलं. "भिंतीला जवळचं दिसत नाही की लांबचं?"

सरांनी समजावून सांगितलं. कागद मागून आकृतीही काढून दाखवली. चष्मेवाला सहानुभूतीने ऐकत राहिला. मग म्हणाला, "ते सगळं खरं सर, पण डोळे तपासल्याशिवाय मी काच देत नाही. उद्या काही झालं तर?"

"भिंतीला काय होणार आहे?"

"हे तुम्ही आज म्हणताय," चष्मेवाला म्हणाला.

शेवटी भिंतीच्या वतीने सर खुर्चीत बसले. खालच्या दोन ओळी त्यांना वाचता येईनात. मुंग्या आहेत की अक्षरं हेच कळेना. चष्मेवाल्याने जाहीर केलं, "सर, तुम्हाला दीड आहे." सर चिडले. मला दीड नको, मला अर्धा हवाय! "अर्धा भिंतीला, दीड तुम्हाला," चष्मेवाला शांतपणे म्हणाला, आणि दोन्ही दिले. तेवढ्यात दुकानात शिरलेल्या एका माजी विद्यार्थ्याने ऐकलं. भिंगसरांना भिंग लागलं, ही बातमी ते घरी पोचायच्या आत घरी पोचली होती.

पण ही काच लागली मात्र. पायथ्याशी दोरीवर पांढरी चादर टांगली, सर तिला पुढेमागे सरकवत राहिले, आणि एका जागी धूसर रंग एकदम गोळा होऊन उभे राहिले. रस्ता! हलता, रंगीत, उन्हात चमकणारा रस्ता! झाडाची पानं हलताना दिसत होती. एक माणूस सायकलवरून गेला, चाकांच्या तारा लखलखल्या. सरांनी आयुष्यात प्रथमच वास्तव प्रतिमा पाहिली, आणि आपण शिकवत आलो ते खरं निघालं याचा त्यांना एवढा धक्का बसला की ते खाटेच्या कडेला बसलेच.

"अप्पा, बघा! बघा तरी!"

अप्पांनी डोळे उघडले. बराच वेळ पाहिलं. बायकोने सरांचा हात घट्ट धरला.

"उलटं आहे," अप्पा म्हणाले.

"हो अप्पा, ते तसंच असतं. वास्तव, उलटी आणि..."

"उलटं मी काय तपासू?" अप्पा थकल्या आवाजात म्हणाले. "झाड वरून लोंबतंय. माणसं पाय वर करून चालली आहेत. मला एक माणूस तरी सरळ दाखव, मग उठव." आणि डोळे मिटून घेतले.

खरं तर एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण काळोख्या खोलीची बातमी तोवर वरच्या मजल्यावरच्या काकांपर्यंत गेली होती, आणि सल्ला देण्यासाठी काकांना विषय लागत नाही. ते आले, चादरीकडे मान वाकडी करून पाहत म्हणाले, "सोप्पं आहे. अप्पांनाच उलटं करा."

"पायाला वजन आहे, काका."

"मग दुसरं भिंग लावा. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं."

वाईट म्हणजे काकांचं म्हणणं पुस्तकात बसत होतं. सर पुन्हा चष्मेवाल्याकडे गेले ("आता कोण, छत का?"), दुसरी काच आणली, स्टुलावर डबा, डब्यावर काच, अशी मांडणी केली. प्रतिमा सरळ झाली असावी. असावी म्हणायचं कारण ती इतकी अंधूक आणि एवढीशी होती, की सरळ आहे की उलटी हे सांगायला अप्पांचेच डोळे हवे होते, आणि ते मिटलेले होते. मग स्टूल कलंडलं. दुसऱ्या काचेचे तुकडे वेचताना सरांना वाटलं, मुख्याध्यापकांचं एक तत्त्व तरी आपण आज सिद्ध केलं.

इकडे बाहेरून बघणाऱ्याला काय दिसत होतं, याचा विचार सरांनी केलाच नव्हता. बाहेरून दिसत होती एक सदा बंद खिडकी, आणि तिच्या मधोमध एक चकाकणारा गोल डोळा, बरोब्बर फाटकाशेजारी असलेल्या समोरच्या विंगवर रोखलेला. समोरच्या बाईंनी आधी गच्चीतले कपडे काढले, मग पडदे ओढले, मग सेक्रेटरीला गाठलं.

सेक्रेटरी घरी आला तो पायताण न काढता, म्हणजे मामला सरकारी. "सर, इमारतीच्या बाह्य स्वरूपात बदल झालाय. परवानगी घ्यावी लागते. अर्ज द्या, प्रयोजन लिहा."

सरांनी प्रयोजन लिहिलं. लिहिताना त्यांचा हात चालला, आणि सवयीने त्यांनी आकृतीही काढली. भिंग, किरण, आणि अर्थातच बाण. अर्ज फलकावर लागला. समोरच्या बाईंनी वाचला आणि बोट ठेवून विचारलं, "हा बाण आमच्या गच्चीवर का काढलाय?"

"बाई, ती वस्तू आहे," सर म्हणाले.

"वस्तू?" बाई म्हणाल्या. त्यापुढे त्या जे म्हणाल्या त्यातलं काही इथे सांगण्याजोगं नाही. शाळेतही कुजबुज झाली. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं, किल्ली खिशात आहे ना हे चाचपलं आणि म्हणाले, "सर, भिंगाचा नाद वाईट."

सर त्या रात्री जेवले नाहीत. लोक काय म्हणतात याचं दुःख होतंच. मध्यमवर्गीय माणसाजवळ अब्रूखेरीज दुसरं असतं काय? पण खरं दुःख पलीकडच्या खोलीत होतं. अप्पांनी दुपारपासून दोन घास खाल्ले होते, आणि भातात खडा लागला तरी नुसता काढून ताटाच्या कडेला ठेवला होता.

रविवारी सकाळी कमिटी पाहणीला आली. पाहणी म्हणजे अंगणात घोळका करून वर बघणं. ऊन लख्ख पडलं होतं. सेक्रेटरी, वरचे काका, समोरच्या बाई, आणि पाहणीशी काही संबंध नसलेली उरलेली इमारत. सर खाली उतरले, आणि शेवटचा प्रयत्न म्हणून प्रकाशाचं अपवर्तन समजावू लागले. हवेतून काचेत शिरताना किरण वाकतो, काचेतून बाहेर पडताना पुन्हा वाकतो. ऐकताना निम्मी कमिटी जांभया देऊ लागली, अगदी दहावीच्या वर्गासारखी.

"वाकतो ते असू दे," बाई म्हणाल्या. "आत काय दिसतं ते मी स्वतः बघणार."

त्या तरातरा वर गेल्या. सरांच्या बायकोने त्यांना अप्पांच्या खोलीत नेलं. मग पुठ्ठ्यामागून बाईंचा आवाज आला, "अगंबाई! सगळे लटकलेत की! सेक्रेटरी उलटा! काका उलटे!" आणि मग हळू आवाजात, "अहो, पण हे बघतायत कुठे? यांचे तर डोळे मिटलेले आहेत."

अंगणात सेक्रेटरीने घसा खाकरला. "सर, आमच्या मनात काही नाही. पण नियम तो नियम. आजच्या आज काढून टाका. आणि तसाही उपयोग काय होतोय त्याचा?"

या शेवटच्या प्रश्नाने सरांच्यात काहीतरी तुटलं. खरंच, काय उपयोग? इतकी वर्षं बाण काढले. शेकडो पोरांकडून उलटी, उलटी म्हणून घोकून घेतलं. आणि स्वतःच्या बापाला एक सरळ माणूस दाखवता येईना. एक! सरळ दिसायला फक्त...

सरांनी सेक्रेटरीकडे पाहिलं. खिशातून नवा चष्मा, पेन आणि किल्ल्या काढून काकांच्या हातात दिल्या. चपला काढल्या. अंगणाच्या टोकाला फाटकाजवळच्या भिंतीपाशी गेले, हात जमिनीला टेकले, डोकं हातांच्या मध्ये ठेवलं, आणि दोनदा लाथा झाडून, तिसऱ्यांदा सर्व इमारतीच्या देखत उलटे उभे राहिले.

"सर! हे काय!" सेक्रेटरी धावला. "अहो, निषेध करायचा असेल तर लेखी द्या! असे टोकाला जाऊ नका! मुदत देतो, आठवडाभराची देतो!"

"वय आहे का हे!" काका ओरडले. "डोक्यात रक्त उतरेल!"

सरांच्या डोक्यात रक्त उतरलंच होतं. कानात घंटा वाजत होत्या, पायांना कंप सुटला होता, आणि शर्ट घसरून छातीवर आल्यामुळे जे पोट त्यांनी कित्येक वर्षं श्वास रोखून लपवलं होतं, ते समस्त कमिटीच्या पाहणीसाठी उघडं पडलं होतं. घोळक्यात कोणीतरी हसलं. एका पोराचा आवाज आला, "भिंगसर, प्रतिमा कशी?" सरांनी डोळे मिटून घेतले. पण विज्ञान काही त्यांच्याकडून सुटलं नाही.

"अगं!" ते जमिनीवरून ओरडले. "चादर मागे घे! मी जवळ आहे, प्रतिमा लांब पडेल! चादर भिंतीकडे घे!"

वर दोरी सरकल्याचा आवाज आला. "धूसरच आहे हो!" बायको ओरडली. "अजून? थांबा... अहो, आलात! आलात तुम्ही! अप्पा, बघा ना, अप्पा, सरळ आहेत! डोळे उघडा, अप्पा!"

मग काहीच नाही. एक श्वास, अजून एक. आता कोसळणार, हे त्यांना कळलं. आणि बापाने डोळे उघडलेच नसतील, तर हे आपण कशासाठी केलं, हे उद्या शाळेत कोणत्या तोंडाने सांगायचं, हेही कळेना.

तेवढ्यात पुठ्ठा हादरला.

"गधड्या!" आवाज खरखरीत होता, वापरात नसल्याने गंजलेला, पण अंगणभर पोचला. "घड्याळ उजव्या हातात कधीपासून बांधायला लागलास?"

सर धाडकन आडवे झाले.

काका धावले, सेक्रेटरी धावला. "लागलं का? सर, काय म्हणाले अप्पा?" सर धुळीत बसले होते. केसांत माती, डोळ्यांतून पाणी वाहतंय. ते पुसायचंही त्यांना सुचेना. आपण डोक्यावर उभे राहिलो तर प्रतिमा सरळ होणार, पण आरशासारखी डाव्याची उजवी होणार, हे बाण काढून कधीच कळलं नसतं. बाणाला हात नसतात.

"चूक काढली," सर म्हणाले. "चूक काढली हो त्यांनी!" आणि लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले.

वरून आता थांबायचं नाव नव्हतं. सेक्रेटरीचं तिसरं बटण. टाकीचं झाकण, उलटं असलं म्हणून काय झालं, उघडं ते उघडंच. काका इतक्या दिवसांत भेटायला आले ते नुसता सल्ला द्यायला. सेक्रेटरीने मुकाट्याने शर्टाचं बटण लावलं. समोरच्या बाई खाली आल्या, कोणाशी काही बोलल्या नाहीत, पदराने डोळे टिपत टाकीकडे गेल्या आणि झाकण लावून आल्या.

"अहो!" वरून बायकोचा आवाज आला, हसतोय की रडतोय ते कळेना असा. "अप्पा म्हणतात, अजून एकदा! पट्टा सैल होता की घट्ट, ते त्यांना नीट दिसलं नाही!"

सर उठले. अंग झाडलं. शर्ट विजारीत नीट खोचला. मग डाव्या मनगटावरचं घड्याळ सोडलं, उजव्या मनगटावर बांधलं, पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला, आणि भिंतीपाशी जाऊन पुन्हा डोकं जमिनीला टेकलं.